पॉवर प्ले आणि एक जास्तीची ओळ

मी ज्या खोलीत बसून काम करते तिला खिडकी नाही. आइस हॉकीच्या रिंकभोवती प्रेक्षकांना बसायला पायऱ्या असतात, त्या पायऱ्यांच्या पोटात ही खोली काढलेली आहे. छत तिरकं आहे, त्यामुळे दाराशी सरळ उभं राहता येतं आणि टेबलापाशी फक्त बसता येतं. वर मॅच चालू असली की लोकांचे बूट थेट डोक्यावर आपटतात. पलीकडे बर्फ असल्यामुळे भिंतीला हात लावला की फ्रिजमध्ये हात घातल्यासारखं वाटतं. मी नागपूरची. मे महिन्यात कूलरसमोर पडून थंडी मागितली असेल कधीतरी, पण देवाने ती इतकी मनावर घ्यायला नको होती.

गावाचं नाव सांगत नाही. तिथे एकच रिंक आणि एकच टीम. नाव सांगितलं की सगळंच सांगितल्यासारखं होईल. आम्ही राहतो नॉटिंगहॅममध्ये. तिथून गाडीने मला जायला तास लागतो, आणि कुठे रस्त्याचं काम निघालं असेल तर देवाचं नाव घ्यायचं.

माझं काम ऐकायला मजेशीर आणि करायला कंटाळवाणं आहे. मॅचचा व्हिडिओ लावायचा. गोलच्या दिशेने कोणी फटका मारला की थांबवायचा आणि नोंद करायची: कुठून मारला, कोणी मारला, वाटेत कोणाच्या पायाला अडला, बाहेर गेला, गोलीने, म्हणजे गोलकीपरने, अडवला की आत गेला. पुन्हा चालू करायचा, पुन्हा थांबवायचा. सासऱ्यांना फोनवर हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे तू स्कोअरर झालीस म्हण की." मी नाही म्हणाले, मग जरा विचार करून हो म्हणाले.

मी क्लबची नोकर नाही. खेळाचे आकडे पुरवणारी एक छोटी कंपनी आहे, तिची मी नोकर. क्लब हा त्या कंपनीचा सगळ्यात मोठा ग्राहक, आणि मला ठेवून घेतलंय ते मुख्यतः त्याच्यासाठी. माझा व्हिसा कंपनीच्या नावावर. नवरा आणि मुलगी माझ्या व्हिसावर. म्हणजे क्लब गेला तर मी जाणार, मी गेले तर व्हिसा, आणि व्हिसा गेला की दुसरी कंपनी शोधायला जेमतेम दोन महिने. आम्हाला सेटलमेंट, म्हणजे इथे कायमचं राहायची परवानगी, मिळायला अजून दीड वर्ष होतं. मुलगी बारावीच्या आदल्या वर्षात. सेटलमेंट वेळेत मिळाली तर ती इथल्या मुलांच्या फीमध्ये युनिव्हर्सिटीत जाणार. नाही मिळाली तर तिला जाताच येणार नाही, हे आम्ही दोघांनी मोठ्याने कधी बोलायचं नाही असं न बोलता ठरवलेलं होतं. नियम बदलणार अशी बातमी आली की नवरा टीव्हीचा आवाज कमी करतो, जसं काही हळू ऐकलं की नियम थोडा कमी बदलेल.

आता पॉवर प्ले. क्रिकेटमधला नव्हे. आइस हॉकीत दोन्हीकडचे पाच-पाच खेळाडू बर्फावर असतात आणि एकेक गोली. कोणी आगाऊपणा केला की त्याला दोन मिनिटं काचेच्या खोक्यात नेऊन बसवतात आणि त्याची टीम तेवढा वेळ चौघांवर खेळते. पाच विरुद्ध चार, दोन मिनिटं. या दोन मिनिटांत गोल व्हावा अशी सगळ्यांची अपेक्षा असते. होतोच असं नाही, पण चांगली टीम बऱ्यापैकी वेळा करते. आमची टीम सीझनच्या सुरुवातीला करत होती. दिवाळीच्या सुमारास गोल आटले. नाताळ आला तरी आटलेलेच. समोरच्याचा माणूस खोक्यात जाऊन बसला की पूर्वी लोक उभे राहायचे. आता माझ्या डोक्यावर बूट आपटायचे ते रागाने. कोणीतरी ओरडायचं, "आम्हाला नको तो पॉवर प्ले, त्यांनाच द्या." विनोद चांगला होता, पण दर वेळी तोच.

पॉवर प्ले बघायला क्लबमध्ये वेगळा कोच होता. पूर्व युरोपातून आलेला, माझ्याच वयाचा, रुंद खांद्यांचा, एक दात नसलेला माणूस. तोही व्हिसावर, त्याचा व्हिसा क्लबच्या नावावर, आणि त्याची बायको आणि मुलगी त्याच्या व्हिसावर. बायको एका नर्सरीत लहान मुलं सांभाळायची. मुलगी इथल्या अकरावीत, म्हणजे आपल्या दहावीत; येत्या उन्हाळ्यात तिची इथली पहिली मोठी परीक्षा, जीसीएसई. ती लहान असताना आलेली, त्यामुळे बोलायला अगदी इथली. बापाला फोनवर इकडच्या लोकांसारखं लाडाने "डक" म्हणायची, आणि त्याला त्याचा फार अभिमान होता. आम्हा दोघांचं हे सगळं सारखं आहे हे कळल्यावर तो माझ्या खोलीत जास्त यायला लागला. खोलीत वाकून यायचा, दिवाळीचे उरलेले शंकरपाळे एकेक करून खायचा आणि व्हिडिओवर तोच तो फटका पुन्हा पुन्हा बघायचा. पक, म्हणजे ती रबराची काळी चकती, गोलच्या खांबाला लागायची. तो म्हणायचा, "पुन्हा दाखव." मी दाखवायचे. पुन्हाही ती खांबालाच लागायची.

जानेवारीत माझ्या बॉसने सांगितलं की क्लबच्या मालकांना रिपोर्ट हवाय. पॉवर प्ले का आटला, दोष कोणाचा. बॉस तिशीतला, मवाळ आवाजाचा, कधीही न रागावणारा. अशा माणसाची मला जास्त भीती वाटते. तो म्हणाला, "त्यांना काहीतरी करता येईल असं दे. नुसतं 'बघू या' नको. आणि एप्रिलमध्ये त्यांचा आपल्याशी करार संपतोय, ते लक्षात असू दे." एप्रिलमध्ये माझी स्पॉन्सरशिपही पुढे वाढवायची होती. ते त्याने सांगितलं नाही, कारण ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

रिपोर्टसाठी मी सीझनचे सगळे पॉवर प्ले पुन्हा पाहिले. खरं सांगते, मी त्या माणसाची चूक सापडते का हेच बघत होते. सापडली असती तर माझं काम सोपं होतं. शंका घ्यायच्या तेवढ्या घेतल्या. फटके कमी झाले का? नाही, तेवढेच. लांबून मारायला लागले का? नाही, त्याच जागांवरून, गोलच्या समोरून. वाटेत जास्त अडताहेत का? तेही नाही. गोलीला एका बाजूला खेचून दुसऱ्या बाजूने मारायचं, ही त्याची आवडती चाल, ती पूर्वीइतकीच जमत होती. फरक एकाच ठिकाणी होता: मारलेल्यापैकी आत जाणारे. पूर्वी जे फटके आत जात होते तसलेच फटके आता गोलीच्या खांद्याला, खांबाला, कोणाच्या तरी स्केटच्या पात्याला लागत होते. याला आमच्या धंद्यात शूटिंग पर्सेंटेज म्हणतात, आणि थोड्या मॅचेसमध्ये ते वाटेल तसं नाचतं हे या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. एखादा कॅप्टन ओळीने टॉस हरला म्हणून त्याला कोणी नाणं उडवायचे क्लास लावत नाही. इथे तसंच होतं. त्या माणसाचं काहीही चुकत नव्हतं.

मला इतका आनंद झाला की मी एकटीच त्या खोलीत टाळी वाजवली.

आता माझ्या स्वभावाबद्दल एक सांगायला हवं. आम्हाला शाळेत गणिताला ज्या बाई होत्या त्या नुसत्या उत्तराला मार्क देत नसत. सगळ्या पायऱ्या हव्यात, आणि शेवटी त्यातून काय काय निघतं तेही हवं. मी ते इतकं अंगात मुरवून घेतलंय की भाजीच्या रेसिपीतसुद्धा शेवटी निष्कर्ष लिहीन. त्यामुळे रिपोर्टमध्ये मी लिहिलं की फटके तेवढेच, तिथूनच आणि तसेच आहेत. गोल न होणं हे नशीब आहे. हे नशीब टिकत नसतं. इथे थांबायला हरकत नव्हती. पण विधान पूर्ण हवं, ते कोणाची बाजू घेतल्यासारखं वाटायला नको, म्हणून मी एक ओळ पुढे लिहिली: फटके असेच राहिले तर गोल परत येतील, पॉवर प्ले कोणाच्याही हातात असला तरी. गणित म्हणून ती ओळ अगदी बरोबर होती. आजही आहे.

मीटिंग मालकांच्या ऑफिसात झाली. तिथे खिडकी आहे आणि हीटरही. मालकांचा बाथरूमच्या टाइल्सचा धंदा. वय साधारण माझ्या सासऱ्यांएवढं, म्हणून इथे सगळे त्यांना नावाने हाक मारत असले तरी मनात मी त्यांना अहोजाहोच करते. मला वाटलं होतं, आकडे बघून कंटाळतील. कंटाळले नाहीत. चष्मा लावून त्यांनी एकेक पान वाचलं. एक प्रश्न विचारला, आणि तो चांगला होता: "फटके सोपे झाले नाहीत हे तुम्ही कशावरून म्हणता? गोलीला आता ते आधीच दिसत असतील." मी व्हिडिओ लावून दाखवलं. त्यांनी मान हलवली. मग शेवटच्या पानावरच्या त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून ती दोनदा वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "इतकं स्वच्छ मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. थँक यू."

मी खाली आले तर कोच माझ्या खोलीच्या दाराशी उभा. त्याने काही विचारायच्या आधीच मी म्हणाले, "तुझं काही चुकत नाही असं सांगितलं मी. आणि त्यांना पटलं." त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला, मग बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन त्याच्या भाषेत बायकोला फोन लावला. शब्द कळत नव्हते, पण आवाज कळत होता. मी घरी येऊन नवऱ्याला सगळं साग्रसंगीत सांगितलं. तो म्हणाला, "अगं, तू वकील व्हायला हवी होतीस." मला ते अगदी खरं वाटलं.

त्याच आठवड्यात कोचला काढलं.

क्लबच्या पानावर चार ओळी आल्या: त्याच्या योगदानाबद्दल आभार, नव्या दिशेची गरज, पुढील वाटचालीस शुभेच्छा. खाली लोकांनी अंगठे दाखवून ठेवले होते. मी ते पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचलं आणि सरळ बॉसला फोन लावला. म्हणाले, "त्यांना रिपोर्ट कळलाच नाही. मी पुन्हा जाऊन समजावते." बॉस नेहमीच्या मवाळ आवाजात म्हणाला, "त्यांनी रिपोर्ट मागितला, आपण दिला, त्यांनी वाचला. तिथे आपलं काम संपतं." मी म्हणाले, "अरे पण उलटा वाचला." त्यावर त्याने माझ्या मुलीची चौकशी केली. कितवीत आहे, पुढे काय करायचं म्हणते. मला समजलं. मी म्हणाले, ठीक आहे, मजेत आहे ती.

मला राग आला होता आणि मी अडकले होते. दोन्ही एकदम असलं की माणूस घरच्यांवर ओरडतो. मी डिशवॉशरवरून नवऱ्याला बोलले: ताटं उलटी लावतोस, कढई आत घालतोस, वीस वर्षं झाली तरी तेच. तो बिचारा ताटं सुलटी करायला लागला. मुलगी जिन्यावरून म्हणाली, "आई, तू त्या काकांचा जॉब सेव्ह करायला ट्राय केला ना? मग तू आमच्यावर का रागावतो? It's not like we fired him." मी म्हणाले, "रागावतेस म्हण." ती म्हणाली, "See?" आणि दार लावून घेतलं. बरोबर होतं तिचं. मी ज्यांच्यावर रागवायला हवं होतं त्यांच्यावर रागावण्याची मला सोय नव्हती, आणि ज्यांच्यावर रागावत होते त्यांच्यासाठीच ती सोय नव्हती.

कोच सामान न्यायला आला तेव्हा मी मुद्दाम थांबले. त्याचं सामान म्हणजे स्केट्सच्या दोन जोड्या, एक पांढरा बोर्ड आणि त्याच्या टीमचे जुने फोटो. तो नेहमीसारखा वाकून खोलीत आला आणि बसला. म्हणाला, दुसऱ्या क्लबांना फोन लावतोय, पण सीझनच्या मध्यावर कोणाला कोच नको असतो. उन्हाळ्यात बघू म्हणतात. उन्हाळ्यापर्यंत त्याला या देशात राहता येणार नव्हतं. मुलीच्या परीक्षा मे-जूनमध्ये. शाळेला विचारलं होतं, मैत्रिणीच्या घरी राहू देता येईल का. मैत्रिणीच्या आईने हो म्हटलं होतं. पण मुलीचा व्हिसा बापाच्या व्हिसावर, तो संपला की तिचाही संपतो, मग कोणाच्या आईने हो म्हणून उपयोग नव्हता. हे सगळं तो अगदी शांतपणे सांगत होता, मॅच हरल्यावर सांगतात तसं.

मग त्याने विचारलं, "तू नेमकं काय लिहिलं होतंस?"

मी त्याला शेवटची ओळ शब्दशः सांगितली. तो खाली बघत म्हणाला, "खरं आहे." एवढंच. त्याने मला दोष दिला असता तर मी भांडले असते. मी म्हणाले की मालकांना समजलं नाही, मी त्यांना समजावीन. त्याने मान हलवली, बोर्ड काखेत धरला आणि वाकून बाहेर गेला.

त्याच्या जागी आलेला माणूस चांगला आहे, त्याच्याशी माझं काही वैर नाही. त्याने येऊन पहिली गोष्ट केली ती म्हणजे चालींच्या नकाशांचे रंग बदलले. चाली त्याच. खेळाडू तेच, उभे तिथेच राहायचे, गोलीला खेचायचे तसेच. मी मोजत होते; मला दुसरं येतं काय. फटके तेवढेच, तिथूनच. पहिल्या काही मॅचेस तसाच दुष्काळ गेला आणि मला मनातून दुष्ट आनंद झाला. मग एक फटका खांबाला लागून आत गेला. पुढच्या मॅचला दुसरा एका खेळाडूच्या स्केटला लागून, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, आत गेला. मग सुरूच झालं. डोक्यावर बूट आनंदाने आपटायला लागले. रिंकमध्ये नव्या कोचच्या नावाचं गाणं झालं. मी खाली बसून नोंद करत होते: आत, आत, गोलीने अडवला, आत.

मार्च संपायच्या आधी जुन्या कोचचं कुटुंब गेलं. त्याने मला एअरपोर्टवरून निरोप पाठवला: मुलगी त्याच्याशी बोलत नाही, पण बोलेल. खाली शंकरपाळ्यांबद्दल आभार. मी उत्तरात काय लिहावं कळेना, म्हणून मुलीला परीक्षेसाठी शुभेच्छा असं लिहिलं, आणि पाठवल्यावर ध्यानात आलं की तिला आता परीक्षाच नाही.

त्यानंतरच्या शनिवारी मालकांनी मला मॅच बघायला वर बोलावलं. त्यांची एक काचेची केबिन आहे, तिथून सगळं रिंक दिसतं. इतकी वर्षं तिथे काम करून बर्फ वरून कसं दिसतं ते मी पहिल्यांदाच पाहिलं. बॉस आधीच येऊन बसला होता, हातात बिअर. त्या दिवशीही पॉवर प्लेवर गोल झाला. लोक उभे राहिले. मालक माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही सांगितलंच होतं."

मला वाटलं, हीच वेळ. किती आठवडे गाडी चालवताना मी हे भाषण केलं होतं. मी म्हणाले, "त्याबद्दलच मला सांगायचंय. नव्या कोचमुळे काही बदललेलं नाही. फटके तेव्हाही असेच होते. हे गोल जुन्या कोचलाही मिळाले असते."

"अर्थातच," मालक म्हणाले. "तुम्हीच तसं लिहिलंय. कोणाच्याही हातात असला तरी."

ते जराही चिडले नव्हते. उलट नातवाला गणित समजावणाऱ्या आजोबांसारखे, अगदी मायेने सांगायला लागले. "लोक चिडले होते. पुढच्या सीझनची तिकिटं कोणी घेईना. त्यांना काहीतरी केलेलं दिसायला हवं होतं. माझी अडचण एकच होती: तो चांगला कोच असेल आणि त्याला काढल्यावर पॉवर प्ले आणखी बिघडला तर? तुम्ही सांगितलंत, बिघडणार नाही, कोणीही असो. मग त्याला ठेवायचं मला कारण उरलं नाही. माणूस चांगला होता. मला वाईट वाटलं."

त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, तेही मला दिसत होतं. इतके दिवस मला वाटत होतं, त्यांनी रिपोर्ट उलटा वाचला. त्यांनी माझा रिपोर्ट माझ्यापेक्षा नीट वाचला होता. ज्याला कळलं नाही त्याला समजावता येतं. यांना काय समजावू? मी म्हणाले, "त्याच्या मुलीची परीक्षा होती." मालक म्हणाले, "हो, मला नंतर कळलं," आणि माझ्यासमोर सँडविचची ताटली सरकवली. चीज आणि काकडी. मी शाकाहारी आहे हे कोणीतरी मुद्दाम विचारून ठेवलं होतं.

मग बॉस बोलला. क्लबने करार आणखी तीन वर्षांसाठी वाढवलाय. मालकांची एकच इच्छा आहे: हे काम मीच करावं. आणि पॉवर प्लेचं झालं तसं क्लबमधल्या बाकीच्या लोकांचंही बघावं. बचावाचा कोच, गोलीचा कोच, फिटनेसचा माणूस. ज्याचा त्याचा विभाग, आकडे काय म्हणतात, चांगलं-वाईट त्यांच्यामुळे आहे की नशिबामुळे. बॉस माझ्याकडे बघून हसला. तीन वर्षं म्हणजे सेटलमेंटच्याही पुढे. मी हो म्हणाले. ते म्हणायला मला काही वेळ लागला नाही, हे मी लपवणार नाही.

घरी सांगितलं तर नवरा खुर्चीतच बसला, मग उठून शिरा करायला लागला. त्याला तेवढा एकच पदार्थ येतो. मुलगी म्हणाली, "म्हणजे आपण सेफ? Like, actually safe?" मी म्हणाले, हो, अगदी सेफ. ती माझ्या गळ्यात पडली. ती लहान असताना पडायची, त्यानंतर आत्ताच. मी तिला धरून उभी राहिले आणि मला आनंद झाला, खरा. त्याचीच मला लाज वाटत होती, आणि तरी तो कमी होत नव्हता.

सोमवारी मी खोलीत जाऊन नवी फाइल उघडली. मनाशी ठरवून गेले होते की आता ती शेवटची ओळ कोणाच्याही नावाखाली लिहायची नाही. अर्धं उत्तर लिहायचं, मार्क गेले तरी चालतील. मालक दुपारी रिंकवर आले होते, ते मुद्दाम वाकून माझ्या दारात डोकावले. म्हणाले, "फार लिहायचे कष्ट घेऊ नका. तुम्ही फक्त आकडे द्या. पुढचं आता मला वाचता येतं."

सुरुवात गोलीच्या कोचपासून करायची होती. गेला महिना आमचा गोली फार गोल खात होता. मी व्हिडिओ पाहिले. त्याच्यावर येणारे फटके पूर्वीसारखेच होते, तिथूनच, तेवढेच. तो उभाही बरोबर राहत होता. पक कोणाच्या तरी काठीला लागून दिशा बदलत होती, एवढंच. चूक कोणाचीच नव्हती.

संध्याकाळी गोलीचा कोच स्वतःच आला. पन्नाशीचा, या गावातच जन्मलेला, आधी इथेच खेळलेला. क्लबमध्ये काय चाललंय ते त्याच्या कानावर गेलं होतं. तो दारात उभा राहिला, आत आला नाही. "आपल्या गोलीचं काही चुकत नाहीये," तो म्हणाला. "माझंही नाही. नुसतं नशीब आहे ना हे? तुझ्या आकड्यांत दिसत असेल."

मी म्हणाले, दिसतंय.

त्याचा चेहरा सैल झाला. "मग तेवढं वर सांग ना," तो म्हणाला. "प्लीज. त्यांना सांग, नुसतं नशीब आहे."